हापशाचे गोड पाणी

मित्रांनो, मी दोंडाईच्याजवळच्या एका कोरडवाहू गावातला जुना हापसा आहे. विहिरी आटल्या त्या उन्हाळ्यात काळा दगड फोडून मला इथे बसवले. पहिल्या धारेला तानुबाईने नारळ फोडला आणि ओंजळभर पाणी पिऊन ती म्हणाली, "माय वं, कितलं गोड पानी शे!" त्या एका शब्दावर मी कितीतरी उन्हाळे राबलो.

पुढे पाऊस बदलला. यायचा तो धो धो यायचा आणि नाल्याने वाहून जायचा. मुरायला थांबायचाच नाही. शेतोशेती बोअर झाले. पाणी खाली गेले, तसे माझे पाइप खोल उतरवले. तिथले पाणी वर्षानुवर्षे दगडात कोंडलेले, दगडातले क्षार प्यायलेले. चव मात्र तीच. मला कळले नाही, गावालाही नाही.

तानुबाईची नात दिपमाला त्याच पाण्यावर वाढली. तिचे दुधाचे दात पडून नवे आले ते तपकिरी पट्ट्यांचे. शाळेत मुले चिडवत. तानुबाई राखुंडीने ते घासायची. हिरड्यांतून रक्त यायचे, डाग जायचे नाहीत.

मग तालुक्याहून पाणी तपासायला ज्योतीताई आल्या. दिपमालाचे दात बघून त्या म्हणाल्या, "आजी, यात फ्लोराइड जास्त आहे. लहान मुलांना पाजू नका. हे डाग त्याचेच."

"घासीसन जातीन ना?"

"नाही जाणार."

तानुबाई माझ्या ओट्यावर मटकन बसली. "मीच पाजं वं तिले. गोड शे म्हनीसन."

हे पाणी पिऊ नये, याची खूण म्हणून मला लाल रंग फासला. सरपंच गिरधरभाऊंनी पाणी शुद्ध करायचे यंत्र बसवले, फोटो काढून घेतले. यंत्र बिघडले, त्याच्या खोलीला कुलूप लागले. आता टँकर आला तर पाणी.

परवा तो आलाच नाही. लग्न होऊन गेलेली दिपमाला लहानग्या लेकराला घेऊन माहेरी आली आहे. लेकरू तहानेने रडून रडून लाल झाले, तेव्हा ती तांब्या घेऊन माझ्याकडे आली. गुडघे आखडलेली तानुबाई दारातूनच ओरडली, "दिपे, ते नको पाजू!"

"मंग काय पाजू, आजी? तू सांग ना!"

दिपमालाने माझा दांडा दाबला. मित्रांनो, त्या दिवशी पाणी येऊ नये असे मला पहिल्यांदाच वाटले. ते आले. लेकरू गटागटा प्यायले.

लाल रंग तुम्हाला वाचता येतो, तहानलेल्या लेकराला नाही. मला रंगवून निघून जाऊ नका. पडेल तो पाऊस शिवारात अडवा, मुरवा. आणि तोवर त्या लेकराच्या तांब्यात पाणी कुठून येणार, तेवढे आधी सांगा.