नको म्हणायची रीत

आमच्या चर्चच्या मंडळीत कारभार बघणारा पंच व्हायचं असेल तर आधी नाही म्हणावं लागतं. हे कुठे लिहिलेलं नाही, पण शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उपासना संपली की कुणीतरी तुमचं नाव सुचवतं. तुम्ही उभं राहायचं, मान खाली घालायची आणि म्हणायचं, "माझी तेवढी लायकी नाही." मग बायकांच्या बाजूने "असं कसं, असं कसं" सुरू होतं. तुम्ही पुन्हा नाही म्हणायचं, पण जरा हळू. मंडळी आणखी जोर धरते, आणि मग तुम्ही हात जोडून म्हणता, "प्रभूची मर्जी असेल तर..." झालात पंच. एकदा दातांच्या डॉक्टरांचं नाव पुढे आलं, तर ते पटकन उठून "चालेल" म्हणाले. त्यांच्यासाठी एकही हात वर झाला नाही. आता त्यांचे केस पिकले, तरी पाठीमागे त्यांना 'चालेल डॉक्टर'च म्हणतात.

तर यंदा एक जागा रिकामी झाली आणि आमच्या ह्यांचा जीव टांगणीला लागला.

हे सोफे आणि खुर्च्यांच्या गाद्या भरतात. दुकान खाली, आम्ही वर. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या सगळ्या उशा ह्यांच्याच हातच्या, आणि पुढे पंचांच्या बाकावर पसरलेली लांब निळी गादीसुद्धा. ती दुरुस्तीला आली की हे दार लोटून घेतात आणि तिच्यावर बसून बघतात. भरण नीट बसलंय की नाही ते बघतो, म्हणतात. मला जिन्यावरून सगळं दिसतं. भरण बघायला कुणी मांडीवर हात ठेवून, मान ताठ करून बसत नाही.

ह्यांना ते हवं होतं. तोंडाने कधी म्हणाले नाहीत, माणूस आतल्या गाठीचा. पण त्या आठवड्यात ह्यांनी एका गिऱ्हाइकाच्या हिरव्या सोफ्याला एक हात तपकिरी कापडाचा शिवून ठेवला, आणि तो गिऱ्हाइकानेच दाखवून दिला. जेवताना घास हातातच राहायचा. संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हणायचे, "देवा, तुझ्या मनात असेल तेच कर." आणि लगेच जोडायचे, "तू तर सगळं जाणतोसच." मी डोळे मिटूनच हसायचे.

हसत होते, पण खरं सांगायचं तर नाही म्हणायची तालीम मीच करून घेत होते. "एवढ्या जोरात नको हो, भांडायला निघाल्यासारखं वाटतं," मी सांगायचे. मग हे इतकं पुटपुटायचे की शेजारच्या बाकालाही ऐकू गेलं नसतं. "मान आणखी जरा खाली. एवढी नाही, काही हरवलंय का जमिनीवर?" नाव सुचवायला माझा दादा तयारच होता. सगळं जमून आलं होतं.

आणि मग कपड्यांच्या घड्या घालताना माझ्या डोक्यात आलं की चर्चचे पाळकसाहेब नवे आहेत. उन्हाळ्यातच बदलून आलेत. आमच्याकडची निवड त्यांनी पाहिलेलीच नाही.

"त्यांना कुणी सांगितलंय का?" मी ह्यांना विचारलं.

"काय सांगायचं?" हे म्हणाले, आणि मग त्यांचाही चेहरा उतरला.

खरंच, काय सांगायचं? साहेब, आमच्यात नाही म्हटलं की हो समजायचं? मी दादाला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "मी? ते उपदेश कशावर करतात माहीत आहे ना? नम्रतेवर. त्यांना काय सांगू, की आमची नम्रता ठरवून केलेली असते?" शेवटी मीच त्यांच्या बायकोला, पाळकबाईंना गाठलं. त्या वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मी त्यांच्या हातातल्या चादरीचं दुसरं टोक धरलं, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, चादर घडी करून दिली आणि तोंडातल्या तोंडात शब्द गिळून परत आले. रविवारपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी उपदेशातलं एक अक्षर कानात शिरलं नाही. शेवटी पाळकसाहेबांनी विषय काढला, दादाने उठून नाव सुचवलं, आणि हे उभे राहिले. शर्टाची कॉलर मीच इस्त्री केलेली, पण मागून एका बाजूला वळली होती. माझा हात शिवशिवला.

"माझी तेवढी लायकी नाही," हे म्हणाले. आवाज अगदी बेताचा. मान अगदी बेताची. मला अभिमान वाटला.

बायकांनी तोंड उघडायच्या आत पाळकसाहेब पुढे आले. त्यांचे डोळे भरून आले होते. "किती सुंदर," ते म्हणाले. "मान समोर आलेला असताना स्वतःला ओळखून बाजूला होणारा माणूस मी फार दिवसांनी पाहिला. आपण ह्यांना आग्रह करून संकटात टाकायचं नाही. बसा, भाऊ. आणखी कुणाचं नाव?"

दादा माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे. ह्यांचं तोंड दुसऱ्या 'नाही'साठी उघडलेलं तसंच राहिलं. पण नाही कुणाला म्हणणार? विचारायला तर हवं ना कुणी! हे हळूहळू खाली बसले. मागून कुणीतरी नर्सबाईंचं नाव घेतलं. ह्या बाई रात्रपाळी करून थेट उपासनेला येतात आणि उपदेशात डुलक्या काढतात. त्यांना कोपराने उठवावं लागलं. "मला? बरं. जमेल तेवढं करीन," त्या म्हणाल्या. गोंधळलेल्या मंडळीने हात वर केले.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पाळकाला बोलले, दादाला बोलले, नर्सबाईंच्या डुलक्यांना बोलले. "अहो, तुम्ही तरी काहीतरी बोला!" मी ओरडले. हे सरळ खाली दुकानात गेले. मी जिन्यावरून वाकून पाहिलं. हे काम करत नव्हते. स्टुलावर बसून दोन्ही हातांच्या तळव्यांकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाची मला अशी भीती कधी वाटली नव्हती.

मंगळवारी पाळकसाहेब स्वतः दुकानात आले. मी धावत खाली उतरले. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "भाऊ, मला माफ करा. इथली रीत मला माहीत नव्हती, काल पंचांनी सांगितली. ते म्हणतात, निवड पुन्हा घेऊ. नर्सबाईंच्याही कानावर गेलंय. त्या म्हणाल्या, ती जागा त्यांची असेल तर मी खुशीने बाजूला होते." मग ते स्टूल ओढून ह्यांच्यासमोर बसले. "म्हणून सरळ विचारतो. आता रीतबीत काही नाही. तुम्हाला पंच व्हायचंय का?"

मी दाराची चौकट घट्ट धरली. हो म्हणा. एक शब्द, अहो, एकच शब्द. मनातल्या मनात मी ह्यांना ढकलत होते.

ह्यांच्या हातात वाकडी सुई होती. ती त्यांनी जपून सुयांच्या उशीत खोचली. "व्हायचं होतं," हे म्हणाले. "फार व्हायचं होतं, साहेब. मी तिथे उभं राहून खोटं बोललो. लायकी नाही असं म्हणालो, आणि आत मला वाटत होतं की ह्या अख्ख्या मंडळीत माझ्याइतका लायक कुणी नाही. देवाच्या घरात, देवाच्या तोंडावर. आणि तुम्ही ते खरं धरलंत."

"आणि आता?"

"आता ते खरंच आहे," हे म्हणाले. "रविवारपासून मी स्वतःकडे बघतोय. नर्सबाईंना राहू द्या. त्यांना विचारलं, तर त्या एका वाक्यात खरं बोलल्या. मला तेवढंही जमलं नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर एक सुटल्यासारखा भाव होता. मला मात्र काही सुटल्यासारखं वाटलं नाही. हातातोंडाशी आलेलं ह्यांनी आपल्या हाताने परत दिलं होतं, आणि माझं रडू फुटायच्या बेतात होतं.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुमचं काय म्हणणं?"

काय म्हणायचं ते मला माहीत होतं. मान खाली, हात जोडलेले, प्रभूची मर्जी. तालीम मीच तर घेतली होती. शब्द जिभेवर आले आणि तिथेच अडकले. समोर हे बसले होते, आत्ताच एवढं खरं बोललेले. त्यांच्यासमोर ते गुळगुळीत वाक्य मला काढवेना.

"मला हवं होतं," मी म्हणाले. "ह्यांच्याहून जास्त मलाच. चारचौघींनी मला पंचीणबाई म्हणावं, पुढच्या बाकावर बसवावं, म्हणून. आणि खोटं कशाला सांगू? अजून हवंय."

पाळकसाहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "मग तेच देवाला सांगू या," ते म्हणाले.

आम्ही तिघंही दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून बसलो. भोवती कापडाचे तुकडे, काथ्याचं भरण, खिळे. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, ह्यांनी केली, छोटीशी. मग माझी पाळी आली.

"देवा," मी म्हणाले, "मला अजून हवंय. सोडवत नाही. तूच सोडव."

पुढे आमेन म्हणायचं होतं. पण आमेन म्हटलं की ते खरंच माझ्या हातून सुटणार, असं मला वाटलं. म्हणून मी गप्प राहिले. हे माझ्याऐवजी आमेन म्हणाले नाहीत. माझा हात धरून, गुडघे दुखत असताना, माझी वाट बघत तसेच बसून राहिले.