कासारेसाहेबांचं अतिक्रमण

कासारेसाहेबांनी हयातीत बेलापूरचा एकही फूटपाथ अडू दिला नाही, म्हणून त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी दिवाळे गावच्या मासळीवाल्या बायकांनी फूटपाथ अडवून मांडव घातला. मधोमध साहेबांचा कटआउट. साहेबांपेक्षा वीतभर उंच, बराच गोरा आणि हसतमुख. असे ते हयातीत कोणालाच दिसले नव्हते.

अस्मिता आता त्यांच्या खुर्चीवर होती, म्हणजे महापालिकेच्या अतिक्रमण हटाव खात्यात. प्रमुख पाहुणी म्हणून ती आली आणि गाडीतून उतरताच तिचा चेहरा पडला. शाळा नुकतीच सुटली होती. पोरं मांडवाला वळसा घालून भर रस्त्यातून चालली होती, रिक्षावाले हॉर्न मारत होते.

साहेबांनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की अतिक्रमण कोणाचंही असो, हटवायचं. पण आवाज चढवायचा नाही आणि सामान आपणही उचलू लागायचं. ते स्वतः मासळीच्या पाट्या डोक्यावर घेत. याच बायकांना त्यांनी रस्त्यावरून उठवलं होतं, आणि पलीकडच्या गल्लीत बाजाराचे पक्के ओटे मिळेपर्यंत वरिष्ठांना सुखानं जेवू दिलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेले, की त्यांच्या पत्नी गिरजाबाई दारातच म्हणत, "आधी आंघोळ."

त्या गिरजाबाई आज पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नव्या साडीत. त्यांच्यादेखत मांडव उतरवायचा, की साहेबांच्या नावानं साहेबांचाच नियम मोडायचा? अस्मितानं पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर परत मागितलं.

मग तिनं मासळीवाल्यांची पुढारी हिराबाय हिला बाजूला घेऊन मांडवाला परवानगी नसल्याचं हळूच सांगितलं. हिराबायनं कमरेवर हात ठेवले.

"परवानगी कशाला लागतेय? मानूस आमचा हाय."

अस्मिता गिरजाबाईंपाशी जाऊन वाकली आणि म्हणाली, "काकू, हा मांडव..."

गिरजाबाईंनी कटआउटकडे पाहिलं, रस्त्यातल्या पोरांकडे पाहिलं.

"तुला कळायला एवढा वेळ लागला? मी बसल्यापासून वाट बघतेय," त्या म्हणाल्या. आणि उठून आपली खुर्ची आपणच उचलली.

मग कोण बसून राहणार? खुर्च्या डोक्यावर घेऊन सगळी सभा बाजाराकडे निघाली. बँडवाल्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, ते वाजवत मागोमाग आले. अस्मितानं पदर खोचून समई उचलली. कटआउट तेवढा जड होता, म्हणून अतिक्रमणची गाडी बोलवावी लागली. कामगारांनी तो सवयीनं पकडला आणि मागे टाकला. हिराबायला राहवलं नाही.

"या गाडीन लय वेला आमचा माल घातलाव. आज तुमचा नंबर हाय, साहेब."

सभा ओट्यांवर झाली. भाषणं लांबली नाहीत, कारण बर्फ वितळत होता. बायकांनी साहेबांना हार घातले, ते पापलेट कापता कापता, त्याच हातांनी. गिरजाबाई इतक्या हसल्या, की डोळ्यांना पदर लावावा लागला.

संध्याकाळी अस्मितानं आणि कामगारांनी कटआउट गिरजाबाईंच्या फ्लॅटच्या दारापर्यंत पोचवला. साहेबांच्या पायांना खवले चिकटले होते, हारांना मासळीचा वास मारत होता. गिरजाबाईंनी कुलूप काढलं, नाक मुरडलं आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या. वर्षभरात त्या दारात न उमटलेले दोन शब्द त्यांच्या तोंडून आपसूक निघाले.

"आधी आंघोळ."

अस्मितानं बादली आणली.