पुराव्याचा नारळ

दिनकर जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीवर चढला, दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलला आणि फरशीवर ठेवलेल्या आपल्या पिवळ्या हेल्मेटवर नेम धरून सोडून दिला. हेल्मेट गरगरत सोफ्याखाली गेलं. नारळ शाबूत राहिला.

"बघितलंस?" तो वरूनच म्हणाला. "ही नुसती छताएवढी उंची. मालदीवचे माड याच्या कितीतरी वर."

"मग हेल्मेट घालून पोहा," प्रभा म्हणाली. "आधी खाली उतरा. खुर्ची डुगडुगतेय."

दिनकर कुवेतमधल्या शुऐब्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होता. जिना उतरताना कठडा न धरणाऱ्या इंजिनियरला तो भर मीटिंगमध्ये उभा करायचा. रिग्गईच्या फ्लॅटमध्ये रात्री गॅस दोनदा बंद व्हायचा. एकदा प्रभाकडून, एकदा त्याच्याकडून. इतकं सगळं प्रभानं संसारखर्चात धरलेलं होतं. पण वेंगुर्ल्यात माडांखाली वाढलेला माणूस पन्नाशी उलटल्यावर नारळाला भिऊ लागला, हे काही तिच्या हिशेबात बसेना.

त्यानं बकाल्यातून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडून, आणलेला तो नारळ पुरावा म्हणून टीव्हीवर ठेवला, आणि मालदीव बाद झालं.

तसं बघितलं तर मागणी साधी होती. आशय, त्यांचा एकुलता एक, लंडनला होता. तीन वर्षांत कुवेतला फिरकला नव्हता. दर सुट्टीला त्याचं काहीतरी निघायचंच. या खेपेला मात्र त्यानं आपणहून फोन केला होता.

"आई, डिसेंबरात ईदच्या सुट्टीत कुठेतरी भेटू या. कुठलंही बेट, जिथे ऊन आहे. यू चूज. फक्त प्रीतमपण येईल." आणि वर, "तो नाही, तर मीही नाही."

प्रीतम म्हणजे आशयचा रूममेट. नागपूरचा, उंच, लाजाळू, पोळ्या गोल लाटणारा. आदल्या वर्षी प्रभा एकटीच लंडनला जाऊन राहून आली होती. फ्लॅटमध्ये दोन खोल्या. तिला दिलेल्या खोलीत इस्त्रीचं टेबल, रिकाम्या बॅगा आणि नुकतंच प्लास्टिक काढलेली कोरी गादी. ती खोली कुणाचीच नव्हती. प्रभाचा सारा जन्म हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेला होता. काचेवर जे दिसतं ते दिसतं, मान वळवून ते जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक. पहिले काही दिवस ती उशीत तोंड खुपसून रडली. निघायच्या आधी तिनं प्रीतमला कुळथाची पिठी शिकवली. परत आल्यावर नवऱ्याला एवढंच सांगितलं, "घर नीट आहे हो पोराचं." बाकीची नोंद तिनं आपल्याच खात्यावर ठेवली.

आणि आता तिला वाटू लागलं होतं, की यांना कुठूनतरी वास लागला आहे. नाही म्हणायचं तोंड नाही, म्हणून एकेक बेट बुडवणं चाललंय.

श्रीलंका गेली, ती बॉम्बमुळे. ते पटण्यासारखं होतं. मॉरिशस गेलं, कारण प्रवाळानं पाय कापतो. गोव्याला त्यांची निम्मी भावकी भेटेल, म्हणून गोवा नको. मलेशियाचं तर अगदी तिकिटांपर्यंत आलं होतं. दिनकरचा अहमदीला राहणारा मित्र लक्ष्मीकांत नुकताच तिथून उन्हात रापून आला होता. त्याच्याकडे चहाला गेल्यावर तो सांगत होता:

"वहिनी, डोळे मिटून जा. एकदम सेफ! कायदे कडक, इथल्यासारखेच."

"किती कडक?" दिनकरनं विचारलं.

"अरे, वाकडं काही खपवूनच घेत नाहीत. माणूस निर्धास्त राहतो."

दिनकरनं अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला. परतताना गाडीत रिग्गईच्या सिग्नलला म्हणाला, "तिथे माकडं आहेत. चावतात."

"लक्ष्मीकांत भावोजींना चावली?"

"त्याला कोण चावेल?"

प्रभानं खिडकीबाहेर बघितलं. ईद जवळ येत होती आणि बेटं संपत आली होती.

मग एका संध्याकाळी भातावर आमटी घेता घेता दिनकर म्हणाला, "थायलंड. फुकेत."

प्रभाच्या हातातली पळी तशीच राहिली. "सुनामी आली होती ते?"

"येऊन गेली. दोन वर्षं झाली."

"आणि परवा रणगाडे आले ते?"

"सत्तापालट झाला तो बँकॉकला. लोक सैनिकांना फुलं देतायत, टीव्हीवर दाखवलं. शेजारी उभे राहून फोटो काढतायत."

आता मात्र प्रभाला सगळं स्वच्छ दिसलं. नव्वदच्या ऑगस्टमध्ये याच माणसानं खिडकीच्या फटीतून कुवेतमध्ये घुसलेले इराकचे रणगाडे बघितले होते. आशयला मधे घेऊन ती दोघं वाळवंटातून जॉर्डनच्या सरहद्दीपर्यंत पोचली होती. तेव्हापासून यांच्या गाडीची टाकी कधी अर्ध्याखाली गेली नाही, आणि पासपोर्टची बॅग दारामागच्या खिळ्यावरून हलली नाही. असा माणूस रणगाड्यांच्या देशात सुट्टीला निघतो? नाही. नकार तिच्या तोंडून वदवून घ्यायचा डाव होता. ती नको म्हणाली, की हे मोकळे.

"चालेल," प्रभा म्हणाली.

तिला वाटलं, आता सुनामीवर व्याख्यान होईल. दिनकरनं नुसती मान हलवली आणि आणखी भात मागितला.

शुक्रवारी सकाळी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. आतून दिनकरचं कारखान्यातलं मोठ्या आवाजातलं इंग्रजी ऐकू आलं. हॉटेलला फोन लावला होता. प्रभा हातात उशीचा अभ्रा घेऊन दारापाशी आली. त्याची तिच्याकडे पाठ होती.

"येस मॅडम, दोन खोल्या. एका खोलीत दोन वेगळे पलंग, एका खोलीत एक मोठा... नाही नाही, तुम्ही उलट लिहिलंत. वेगळे पलंग आम्हा नवरा-बायकोला. मोठा पलंग दुसऱ्या खोलीत."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. दिनकरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो, दोघेही पुरुष. मला माहीत आहे मॅडम, त्यातला एक माझा मुलगा आहे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "चूक झालेली नाही. म्हणून तर फोन करतोय. तिथे पोचल्यावर काउंटरवर त्यांना कुणी हे विचारायला नको. चार माणसांसमोर नको. जे विचारायचं ते आत्ता मला विचारा."

बराच वेळ तो ऐकत राहिला. मोकळ्या हातानं टेबलाची कड घट्ट धरली होती, जिन्याचा कठडा धरावा तशी.

"थँक्यू," तो म्हणाला. "थँक्यू, मॅडम." मग खिशातून रुमाल काढून मान पुसली, आणि आवाज पुन्हा कारखान्यातला झाला. "आणखी एक. खोलीसमोर माड आहेत का? त्यांचे नारळ कोण उतरवतं?"

प्रभा पावलं न वाजवता मागे फिरली. कायदे किती कडक ते ऐकून अहमदीला अर्धवट राहिलेला चहा तिला आठवला, सिग्नलवरची माकडं आठवली. सारं खातं पहिल्या पानापासून पुन्हा मांडायला हवं होतं. दिनकर फोन ठेवून आत गेला तसा तिनं अभ्रा खांद्यावर टाकला, टीव्हीवरचा नारळ उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि कोयत्याच्या पाठीनं घाव घातला.

आवाजाला दिनकर धावत आला. "अगं! पुरावा फोडलास?"

"प्रवास ठरला की फोडतात." तिनं पाणी वाटीत धरलं होतं. खोबऱ्याचा तुकडा काढून त्याच्या हातावर ठेवला. "आणि आपल्याला वेगळे पलंग कशाला?"

दिनकर खोबरं चावायचा थांबला. तिच्या खांद्यावरच्या ओल्या अभ्र्याकडे त्याची नजर गेली, मग बाल्कनीच्या उघड्या दाराकडे.

"तूच म्हणतेस ना, मी घोरतो," तो म्हणाला.

"घोरता तर घोरता." प्रभानं वाटी त्याच्यापुढे सरकवली. "करा परत फोन. दोन्ही खोल्यांत एकेकच मोठा सांगा."