तीस ग्रॅम

देवश्रीने वहीत बाळाचं दुपट्यासकट वजन लिहिलं: पाजण्याआधी १६४०, नंतर १६७०. वाढले तीस ग्रॅम. आईचं एक मिली दूध भरतं १.०३ ग्रॅम, म्हणून तीसला तेवढ्याने भागायचं. एकोणतीस मिली. आज तिसऱ्यांदा एकोणतीस!

सकाळीच दिपा सिस्टरने बाळाच्या नाकातली दुधाची नळी काढली होती. "आता अंगावर पाज. आधी-नंतर तोलून किती प्यायला ते लिही. पुरेसं प्यायला तर उद्या घरी, नाही तर परत नळी." बीएस्सी झालेल्या देवश्रीला हिशेब सोपा होता. नवऱ्याने, शिवहारने, तिकडे गावी, जवळा बाजारला, गाडीसुद्धा सांगून ठेवली होती.

"काहून सारखं तोलून राहिलीस गं?" सासू अनुसयाबाई करवादल्या. "बाजारातला बोकड हाय का त्यो?"

"मामी, पोटात किती गेलं ते कळणार कसं?"

"आमी चार वाढवले. तोंडाकडं बघून कळायचं."

देवश्री हसली. हसता हसता तिचा हात लंगोटाकडे गेला. कोरडा. दुपारीही कोरडाच होता. एवढं प्यायलेलं लेकरू सकाळपासून ओलं कसं नाही?

तिने घाईने दुपटं सोडलं. घडीतून एक पुरचुंडी गादीवर पडली. मीठ-मोहरी.

"भरल्या पोटाचं लेकरू तोललं की नजर लागती," अनुसयाबाई चाचरत म्हणाल्या. "म्हणून पाजून झाल्यावर गुंडाळताना ठिवते. तोललं की काढून घेते. तू रागावशील म्हणून बोलले न्हाई."

देवश्रीने पुरचुंडी काट्यावर ठेवली. तीस.

काट्याला मीठ काय न् दूध काय, सारखंच. त्याचं दूध केलं ते तिच्या भागाकाराने. तिन्ही वेळा बरोबर तीसच, तरी तिला शंका आली नाही. उलट बाळ न रडता निजलं तेव्हा गुणाचं गं माझं म्हणून तिने त्याचे मुके घेतले होते. आणि तो गुणाने निजला नव्हता, त्याच्यात रडायचंच त्राण उरलं नव्हतं.

"सिस्टर! तो सकाळपासून काहीच प्यायला नाही हो!"

दिपा सिस्टरने टाचेला सुई टोचली, यंत्रावर रक्तातल्या साखरेचा घसरलेला आकडा पाहिला आणि बाळाला उचलून आत धावली. दार लागलं.

नळी घालताना तो दर वेळी टाहो फोडायचा. देवश्रीने दाराला कान लावला. सिस्टरचा आवाज आला. डॉक्टरांचा आला.

"रडला का गं?" मागून अनुसयाबाईंनी विचारलं. "सांग की. रडला का?"

देवश्रीने कान काढला नाही.