सावरखाचर

मी गीक आहे. हे मी स्वतःहून सांगते, कारण लोक माझ्यासाठी जे दुसरे शब्द वापरतात ते मला आवडत नाहीत. माझ्याकडे सात क्यूब आहेत आणि त्यातला सगळ्यात अवघड मी दीड मिनिटात सोडवते. मुरबाडच्या स्टँडवरून सुटणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ मला नववीपासून पाठ आहे. फलकावरची चूक मी कंट्रोलरना दोनदा दाखवून दिली, आणि दुसऱ्यांदा त्यांनी मला खिडकीपासून हाकललं. पण माझा खरा जीव नकाशात. इंटरनेटवर एक खुला नकाशा आहे, त्यात कुणालाही भर घालता येते. जगभरातली माझ्यासारखी माणसं आपापल्या गावच्या विहिरी, पार आणि पायवाटा त्यात भरत बसतात. फुकट.

लग्न होऊन सापगावच्या पलीकडे आमच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तो नकाशा उघडला. नदी होती, नवा महामार्ग होता, आणि गावाच्या जागी कोरं पांढरं. चाळीस घरं, दोन विहिरी, एक शाळा, आणि जगाच्या लेखी इथं काहीच नाही. मला राग आला. माझा छंद रागावरच चालतो.

माघ महिन्यात मी फोन घेऊन फिरायला लागले. घर, गोठा, हापसा, देऊळ, सगळं भरत सुटले. सासूबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी." माझा नवरा आदेश हसायचा, पण शाळेची इमारत मी तिरकी काढली तेव्हा चूक त्यानंच पकडली. तेव्हापासून तो मला जास्तच आवडायला लागला.

एके दिवशी देवरामआबांनी मला बांधावर अडवलं. आबा म्हणजे सासऱ्यांचे थोरले चुलतभाऊ. सत्तरी उलटलेली, पण अजून स्वतः नांगर धरतात.

"मोजणी करतेस काय गो?"

"नाही आबा, छंद आहे. नकाशा काढते."

नकाशा म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. "मागं पन असेच आले व्हते. तिपाई लावून, छत्री धरून. आमी त्यांना चा पाजला. मंग दगडांना लाल रंग दिला नि रस्ता आला." त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं. "माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाय."

घरी आल्यावर सासूबाईंनी सगळं सांगितलं. महामार्गाचा भराव पडला तो आबांच्या सावरखाचरावर. बांधावर सावरीचं झाड होतं म्हणून ते नाव. गावातलं सगळ्यात चांगलं भातखाचर; आजूबाजूचं पाणी आटलं तरी त्यात टिकायचं, आणि पुढच्या वर्षीचं बियाणं आबा तिथूनच राखायचे. आता त्या जागी उंच भराव आहे आणि भरावाच्या पोटातून गावात यायचा बोगदा.

मला वाईट वाटलं, पण हौस गेली नाही. आबांच्या बांधावर पाय ठेवायचा नाही ना? नाही ठेवला. उपग्रहाचा फोटो घेतला. त्यात बोगद्यातून निघून आबांच्या शेतांमधून सरळ गावाच्या मागच्या कडेपर्यंत आलेली वाट दिसत होती, गाड्यांच्या चाकोऱ्यांसकट. खरा डांबरी रस्ता शाळेला वळसा घालून येतो, ही वाट त्याच्या निम्मी. मी ती घरबसल्या काढली, 'गाडीवाट' म्हणून नोंदवली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग ऑगस्ट आला. नकाशावाल्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यातली कल्याणची कुणाली आणि तिच्यासोबत तिघं जण एका रविवारी माझ्याकडे यायला निघाले. कुणालीशी मी दोन वर्षं रोज बोलत होते, पण भेटले कधीच नव्हते. माझ्या जातकुळीची माणसं पहिल्यांदा माझ्या घरी येणार होती. मी इतकी खूश होते की सकाळपासून तीनदा केर काढला. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, कंटोळीची भाजी केली, आणि "एवढ्या लांबून येडी माणसं येतात तरी कशाला" असं म्हणत चटणीही वाटली.

अकराच्या सुमारास फोन आला. कुणाली रडकुंडीला आली होती. "भूमिका, आम्ही अडकलोय. बोगद्यातून सरळ आलो, तुझ्याच नकाशाप्रमाणे. गवत होतं, मग पाणी. आता गाडी शेतात आहे गं."

मी अनवाणीच धावले.

काय झालं ते मला धावता धावताच कळलं. फोटो मार्चमधला होता. आमच्याकडे कापणी झाली की बांध मधेच फोडतात आणि रिकाम्या खाचरांतून गाडीवाट सुटते. मृग लागला की बांध बुजवायचे, वाट संपली, तिथं भात. उन्हाळवाट म्हणतात तिला. गावातल्या पाच वर्षांच्या पोरीला हे माहीत असतं, आणि सगळ्यांना माहीत असतं ते कुणी कुणाला सांगत नाही. मी मुरबाडच्या बाजारपेठेत वाढले. आबांच्या बांधावरून एकदा चालले असते तर बुजवलेली खिंड तरी दिसली असती.

कुणालीची पांढरी गाडी पुढच्या चाकांपर्यंत आबांच्या खाचरात रुतली होती. बांध फुटला होता आणि नुकतीच आवणी होऊन रोपं लागलेल्या भाताचं पाणी भळाभळा खालच्या ओहोळात चाललं होतं. आबा पोटरीभर चिखलात उभे होते. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, "आधी बांध."

मग कल्याणची चार गीक माणसं आणि मी, आबा सांगतील तसं चिखलाचे गोळे रचत बसलो. "तिथं नाय, खालून घाल. पायानं दाब. अगो, लाडू वळतेस काय?" अर्ध्या तासात पाणी थांबलं. साईनाथ आमच्या गावचा, त्याची जीप शहापूर-मुरबाड रस्त्यावर चालते. त्यानं दोर बांधून गाडी ओढून काढली. रोपांच्या दोन ओळी गेल्या होत्या, त्या आबांनी बाजूच्या दाटीतून रोपं काढून पुन्हा लावल्या.

हात धुऊन झाल्यावर त्यांनी कुणालीला विचारलं, "ही वाट तुमाला कोनी सांगितली?"

"नकाशात आहे," ती म्हणाली.

"नि नकाशात कोनी घातली?"

कुणाली माझ्याकडे बघत नव्हती. बिचारी मुद्दाम ओहोळाकडे बघत होती. नकाशावर माझं नाव कुठंच दिसत नाही, दिसतं ते टोपणनाव. गप्प बसले असते तर खपलं असतं. पण मग उद्या याच बांधांवरून कुठल्या तोंडानं फिरणार होते?

"मी घातली, आबा. न बघता घातली. चुकले."

आबांनी ओला हात धोतराला पुसला. "दाखव."

मी फोन दिला. त्यांनी बराच वेळ बघितलं. विहीर ओळखली, देऊळ ओळखलं. "राघोचा गोठा हिकडं नाय, चिंचेखाली." मग बोट भरावावर आलं आणि थांबलं. "सावरखाचर कुठं हाय?"

"आबा, ते आता रस्त्याखाली आहे."

"मना ठाव हाय कुठं हाय ते. लिव्हलं का नाय?"

मी कुणालीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली, कारण नियम तिलाही माहीत होता. जमिनीवर आज जे आहे तेच नकाशात घालायचं. जे गेलं ते नाही. हा नियम मोडला तर प्रत्येक जण आपापलं हरवलेलं त्यात घालत बसेल आणि नकाशा कुणाच्या कामाचा राहणार नाही. हे सगळं मी आबांना सांगितलं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

आबांनी फोन परत दिला. "म्हंजे नाय त्या ठिकाणी वाट लिव्हता येते, नि माझं शेत नाय," ते म्हणाले आणि घराकडे चालायला लागले.

पाहुणे जेवले, हसले, सासूबाईंनी त्यांना परत परत भाकरी वाढली. मी फोन फळीवर उलटा करून ठेवला. आदेश म्हणाला, "टाक ना लिहून. कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी खेकसले. त्याच्यावर कशाला खेकसले कोण जाणे. मी उन्हाळवाट नकाशातून पुसली आणि दोन दिवस फोन हातात धरला नाही. या गावात नकाशा काढायचा तर आबांच्या परवानगीनं, नाहीतर नाहीच, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि परवानगी मिळेल असं काही दिसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मला नियमाचा दुसरा भाग आठवला. राखेच्या हातानंच आबांच्या ओटीवर गेले.

"आबा, जागेचं नाव कुठलं लिहायचं, याचाही नियम आहे. तिथली माणसं जे म्हणतात ते. सरकारी पाटी लागत नाही. आपल्या बोगद्याला काय म्हणतात?"

"बोगदाच म्हनतात. आनखी काय?"

"असे पाच बोगदे आहेत या रस्त्याला. याला नाव नाही. लोकांनी याला सावरखाचर बोगदा म्हटलं, तर मी तेच लिहीन. पण लोकांनी खरंच म्हणायला पाहिजे. तुम्ही-मी म्हणून चालणार नाही."

आबांनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "उद्या ये. राघोच्या गोठ्यापासून दाखवतो. लिव्हून घे नीट."

पुढचे तीन महिने मी आबांच्या मागे फिरले. त्यांनी मला एकशे चार खाचरांची नावं सांगितली, कुठली वाट कुठल्या महिन्यात बुजते आणि कधी सुटते तेही. एकदा त्यांनी सांगितलेल्यात आणि मी लिहिलेल्यात फरक पडला तर मला पहाटे उठवून परत जागेवर घेऊन गेले. तेव्हा मला उमगलं, हा माणूस माझ्याहून मोठा गीक आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हटलं नव्हतं.

आणि त्याच काळात ते बोगद्याच्या नावाचं काम करत होते. साईनाथला सांगितलं. दूध घालायला येणाऱ्यांना सांगितलं. शाळेच्या मास्तरांना सांगितलं. कुणी नुसतं 'बोगदा' म्हटलं की आबा भाबडा चेहरा करून विचारायचे, "कंचा?" समोरच्याला नाव घ्यावंच लागायचं. गाव हसत होतं. मी मात्र लिहिलं नाही. आबांच्या धाकानं म्हटलेलं मला मोजायचं नव्हतं.

दिवाळीनंतर माहेराहून परत येताना मी साईनाथच्या जीपमध्ये बसले होते. आत तेरा माणसं, माझ्या मांडीवर आईनं दिलेली फराळाची पिशवी. शेजारी एक बाई होती, टोकावड्याकडची, आमच्या गावच्या कुणाची तरी विहीण असावी. मी तिला कधी पाहिलं नव्हतं आणि तिनं मला. उतार आला तशी ती पुढं वाकून ओरडली, "सावरखाचराला थांबव रे! लेकीकडं जायचंय."

साईनाथनं आरशातून माझ्याकडे बघितलं. तो हसत होता. मला रडू आलं, तेरा माणसांत, पिशवी धरून.

आबा बोगद्याच्या पलीकडेच होते. कापणी आटपली होती आणि ते फावड्यानं बांध फोडत होते. मी तिथंच उभी राहून नाव टाइप केलं, जतन केलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. भरावाची करडी रेघ, तिच्याखाली बोगदा, आणि शेजारी नीट मराठीत: सावरखाचर.

आबांनी ते नाव चिमटीत धरून बघितलं. त्याबरोबर नकाशा मागं गेला, गाव ठिपक्याएवढं झालं आणि नाव दिसेनासं झालं. आबा दचकले. "गेलं गो!"

"नाही गेलं, आबा." मी दोन बोटांनी नकाशा पुन्हा जवळ आणला. "जवळ आलं की दिसतं."

त्यांनी स्वतः एकदा करून बघितलं. नाव गेलं, परत आलं. पुन्हा एकदा केलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि फावडं खांद्यावर टाकलं.

"मंग वाट पन लिव्ह आता," ते म्हणाले. "आज सुटली." आणि फोडलेल्या बांधातून पुढं चालायला लागले. मी फोनवरची नोंद चालू केली आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या शेतात पाय ठेवला.