सिलिंडरची किल्ली

किल्ली तुम्ही नेलीत, साहेब. दवाखान्यातल्या चार खाटांच्या खोलीवर 'अतिदक्षता विभाग' अशी पाटी ठोकलीत आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची किल्ली खिशात घालून रविवारी दुपारी तुंगार्लीला जेवायला गेलात. का, तर ठेवली की चोरीला जाते म्हणे!

निजाम हा रेल्वेतला गॅस वेल्डर. सुट्टीच्या दिवशी तो या खोलीत फुकट राबायचा. रोग्याला कुशीवर वळवायचं, भांडं द्यायचं, बाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना खबर सांगायची. यंत्राला हात लावायचा नाही, ही अट तुमचीच.

त्या दुपारी कार्ल्याच्या वरच्या वाडीतली सावित्राबाई न्यूमोनियानं धापा टाकत होती. चालू सिलिंडर संपला. नंदासिस्टरनं दुसरा ओढून आणला, दाबाचं घड्याळ आणि नळी जोडली. पण उघडणार कशानं? शिपायाला सायकलवर तुंगार्लीला पिटाळलं. इकडं बाईचे ओठ निळे पडत चालले.

"निजामभाऊ, कारभारीण जाती का काय वो?" तिचा नवरा गेणू दारातून म्हणाला.

निजामनं सिलिंडरकडं पाहिलं. खांद्याचा पांढरा रंग सोडला तर वेल्डिंगच्या कामावर असतो तसलाच. तोंडाशी झडप उघडायची चौकोनी खिट्टी तीच, आणि तसली किल्ली त्याच्या डब्याच्या पिशवीत कायम पडलेली.

"सिस्टर, उघडू?"

"मी हो म्हटलं तर माझी नोकरी जाईल."

"मग म्हणू नका. तिकडं तोंड करा."

किल्ली बसली, खिट्टी हलेना. गेणूनं खोबरेल तेलाची बाटली पुढं केली. "जरा त्याल सोडू का?"

"लांब व्हा! ऑक्सिजनला तेल लागलं तर भडका उडेल. वहिनींना वाचवायचंय, जाळायचं नाही!"

निजामनं साबणानं हात धुतले, कोरडे केले आणि सगळा भार किल्लीवर टाकला. खिट्टी कुरकुरली. नळीला जोडलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे उठले. सिस्टर वळल्या आणि त्यांनी नळी बाईच्या नाकाशी धरली.

शिपाई तासाभरानं परतला. "साहेब जेवतायत. येतो म्हणाले."

मंगळवारी सावित्राबाई उठून पेज प्याली. बुधवारी नोटीस लागली: अनधिकृत इसमाने उपकरणास हात लावला, सबब सेवेतून कमी. फुकटच्या सेवेतून कमी!

निजाम तुमच्या टेबलापुढं उभा राहिला. किल्ली तिथंच, दौतीशेजारी.

"मला कमी केलंत, ठीक आहे. पण त्या खोलीत आता धोंडाबाई ऑक्सिजनवर आहे. येत्या रविवारी ही किल्ली कुठं असेल, साहेब? तेवढं लिहून द्या. मी थांबतो."