मी, जुन्या झाडाची दाढी

मित्रांनो, मी एका जुन्या झाडाची दाढी आहे. हसू नका! फांद्यांवरून लोंबणाऱ्या माझ्या करड्या-हिरव्या दोऱ्यांमुळे लाकूडतोड्यांनी मला हे नाव ठेवलं. पुस्तकात मला शैवाक म्हणतात. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून थाटलेला संसार म्हणजे मी. बुरशी घर सांभाळते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं. मला मुळं नाहीत. झाडाचा मी नुसता आधार घेते आणि तहान लागली की धुकं पिते.

वाऱ्याने तुटलेला एक दोरा फांदीत अडकला, तोच माझा जन्म. वर्षाकाठी बोटभर वाढायचं, घाई कसली ती ठाऊकच नाही. एका पक्षिणीने माझे दोरे नेऊन घरट्यात अंथरले, तेव्हा मला कोण अभिमान वाटला!

पुढे रानातून रस्ता काढायचं ठरलं. झाडं पाडणाऱ्या टोळीचा मुकादम आला. त्याची धाकटी बहीण शैवाकांचा अभ्यास करायची. माझ्या जातीची शेवटची वस्ती याच रानात उरली आहे, हे तिला माहीत होतं. ती धावत आली आणि खोडाला पाठ लावून उभी राहिली.

“दादा, इथली झाडं नको रे पाडूस.”

“अगं, मग माझ्या माणसांनी काय हवा खायची?”

ती जागची हलेना. मुकादमाने टोपी काढून डोकं खाजवलं. “लहानपणापासून हट्टी ती हट्टीच! बरं, हे एक झाड ठेवतो. बास?”

“एकट्या झाडाने नाही भागायचं, दादा.”

“आता फार ताणू नकोस,” तो म्हणाला आणि माणसांकडे वळला.

करवती सुरू झाल्या. आजूबाजूची झाडं एकामागून एक कोसळली. आमचं तेवढं उभं राहिलं. सगळे म्हणाले, दाढी वाचली.

पण आता ऊन थेट अंगावर येऊ लागलं. धुकं अडवायला कोणी उरलं नाही. कोरडा वारा दिवसभर झोंबायचा. माझे दोरे पांढरे पडले, गळू लागले.

एकदा मुकादम सावलीला म्हणून झाडाखाली टेकला. त्याने सहज माझा एक दोरा चिमटीत धरला, तर त्याचा भुगा झाला. त्याने बहिणीला बोलावून घेतलं.

“मी झाड राखलं होतं ना गं? मग हिला काय झालं?”

“झाड राखलंस, दादा. पण हिला आजूबाजूचं रानही लागतं.”

तिचा आवाज चढला नव्हता. तरी मुकादम लगेच उठला. कमरेला दोर बांधून स्वतःच झाडावर चढला. जे दोरे अजून जिवंत होते, ते त्याने ओल्या फडक्यात गोळा केले. ओढ्याकाठच्या दाट रानात नेऊन दोघांनी ते जुन्या फांद्यांवर अलगद अडकवले. पुष्कळ सुकले. थोडे तगले. त्यांतलीच मी एक.

नंतर त्याच रस्त्यासाठी ओढ्याकाठचीही झाडं पाडायचा हुकूम आला. मुकादम कंत्राटदाराला म्हणाला, “माझी माणसं तिथे उतरणार नाहीत.” त्याची मुकादमी गेली. आज तो दुसऱ्याच्या हाताखाली ओंडके रचतो. पण टोळीतला एकही माणूस ओढ्याकाठी उतरला नाही. शेवटी रस्ता वरच्या उघड्या माळावरून वळवावा लागला.

अधूनमधून दोघं इथे येतात. तो मला हात लावत नाही. मान वर करून नुसता विचारतो, “जगेल ना गं?”

“रान राहिलं तर,” ती म्हणते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं एवढंच. मला काचेच्या पेटीत ठेवू नका, माझ्याभोवती कुंपण घालू नका. माझ्या शेजारची झाडं तेवढी उभी राहू द्या.